कॉन्फरन्सची फायनल आणि एक राहिलेली सही

"आबा, रविवारी कॉन्फरन्सची फायनल आहे. येणार का?"

नातवाने हे विचारलं तेव्हा मी लेकीच्या घरी खिडकीशी बसून उन्हात पाय शेकत होतो. २०२२ ची दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं अमेरिकेत गेलो होतो. लेकीचं घर नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात. 'कॉन्फरन्स' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? मांडव, सतरंज्या, स्वागतगीत, तीन तास चालणारं अध्यक्षीय भाषण आणि शेवटी मसालेभात. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! अशा परिषदेची 'फायनल' कशी असते, एवढंच कोडं पडलं. सगळ्यात लांब भाषण करणाऱ्याला ढाल देतात की काय?

नातू तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो हसत सुटला. "आबा, सॉकर! फुटबॉल! तुमचा कोल्हापूरवाला फुटबॉल!"

मग मात्र मी पाय खाली घेतले.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचं आमंत्रण दोनदा द्यावं लागत नाही. बाकीच्या महाराष्ट्रात पोरं क्रिकेट खेळत मोठी होतात, आमच्याकडे पेठेचा फुटबॉल बघत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेत त्या दिवशी दुसरा विषय नसतो. तालमीच्या मातीत तयार झालेली माणसं या विलायती खेळाच्या प्रेमात कशी पडली, हा एक वेगळाच विषय आहे. त्यावर कधीतरी लिहीन. सांगायचं एवढंच, की ऑफसाइड म्हणजे काय हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. गरज होती ती 'कॉन्फरन्स' समजून घ्यायची. इतिहासाच्या मास्तराला अर्धवट माहिती घेऊन मैदानात जाणं जमत नाही. शनिवारचा अख्खा दिवस मी नातवाच्या संगणकापुढे बसलो, आणि मग परत येईपर्यंत त्या विषयाने मला सोडलं नाही.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ विद्यापीठाच्या उतरंडीने चालतो. आधी झोन, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. वरून खाली आखून दिलेली रचना. अमेरिकेत तसं नाही. तिथे विद्यापीठांनी आपापल्या मर्जीने एकत्र येऊन संघ बांधलेले आहेत. आपल्याकडे दहा-बारा सोसायट्या मिळून एक सहकारी संघ काढतात ना, तसंच. आपसात सामने लावायचे, नियम ठरवायचे, आलेला पैसा वाटून घ्यायचा. पटलं नाही तर बाहेर पडायचं. या संघाला म्हणायचं कॉन्फरन्स. मी जिची फायनल बघणार होतो ती 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स', म्हणजे एसीसी.

हिचा जन्मच एका भांडणातून झाला. १९५१ च्या हंगामात मेरीलँड आणि क्लेमसन ही विद्यापीठं 'सदर्न कॉन्फरन्स' नावाच्या जुन्या संघात होती. त्या संघाने हंगामानंतरच्या मोठ्या 'बोल' सामन्यांत खेळायला बंदी घातली होती. (हा फुटबॉल वेगळा बरं का! लांबट चेंडू हातात धरून पळायचा.) दोघं बंदी मोडून खेळले आणि त्यांना शिक्षा झाली. संघात सतरा सदस्य, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. शेवटी ८ मे १९५३ रोजी ग्रीन्सबरो शहराजवळच्या सेजफील्ड इनमध्ये सात विद्यापीठांनी आपली वेगळी चूल मांडली. क्लेमसन, ड्यूक, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, एन. सी. स्टेट, साउथ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट. त्याच वर्षाअखेर व्हर्जिनिया आलं, आणि आठ झाले.

आपल्या सॉकरचे सामने या संघात पहिल्यापासून होत होते. पण कॉन्फरन्सचा विजेता कोण, हे हंगामभरच्या निकालांवरून ठरायचं. पहिल्या दीड दशकात तर मेरीलँडची जवळजवळ मक्तेदारी होती. डॉईल रॉयल नावाचे त्यांचे प्रशिक्षक १९४६ पासून १९७३ पर्यंत एकाच संघाजवळ राहिले. १९६८ साली त्यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला, सामना बरोबरीत सुटला आणि विजेतेपद मिशिगन स्टेटबरोबर वाटून घ्यावं लागलं.

मग ही बाद पद्धतीची स्पर्धा आली कुठून? तर बास्केटबॉलमधून. त्या खेळात एसीसीने १९५४ पासूनच हंगामाअखेर स्पर्धा ठेवली होती, आणि नियम मोठा कडक होता. स्पर्धा जिंकेल तोच कॉन्फरन्सचा विजेता, आणि राष्ट्रीय स्पर्धेला तोच एकटा जाणार. हंगामभर तुम्ही कितीही चांगले खेळा, त्या तीन दिवसांत घसरलात की घरी. १९७४ च्या फायनलमध्ये एन. सी. स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. स्टेट पुढे जाऊन राष्ट्रीय विजेते झाले. मेरीलँड त्या वर्षीच्या देशातल्या उत्तम संघांपैकी एक, पण तीन गुणांनी घरी बसले. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचा नियम बदलला आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघ घ्यायला सुरुवात झाली.

आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखंच झालं हे. वर्षभराचा अभ्यास एका बाजूला आणि ते तीन तास एका बाजूला. ही परीक्षा मी जन्मभर घेत आलो, त्यामुळे मेरीलँडची ती हार वाचून मला कुठेतरी टोचलं. ते का टोचलं, ते पुढे सांगतो.

सॉकरमध्ये ही स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली. पहिली जिंकली नॉर्थ कॅरोलायनाने. गंमत पुढे आहे. त्या वर्षी क्लेमसनला कॉन्फरन्सच्या सामन्यांत चांगलाच मार बसला होता. तरी निवड समितीने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत घेतलं. तिथे उपांत्य सामन्यात समोर कोण, तर तेच कॉन्फरन्स विजेते नॉर्थ कॅरोलायना! क्लेमसनने त्यांना हरवलं, मग अंतिम सामन्यात सॅन डिएगो स्टेटला २-० ने हरवून थेट राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. घरच्या परीक्षेत काठावर असलेलं पोरगं बोर्डात पहिलं यावं तसं. जुना नियम असता तर हे पोरगं बोर्डाला बसलंच नसतं.

आता रविवारची गोष्ट.

१३ नोव्हेंबर. हवेत चांगलाच गारवा. हिने मला दोन स्वेटर, मफलर आणि वर जावयाचं जाकीट असं सगळं चढवलं. मैदान लेकीच्या घरापासून जवळच, वेकमेड सॉकर पार्क. दहा हजार माणसं बसतील एवढं. २००२ मध्ये उघडलं. पूर्वी त्याला एका सॉफ्टवेअर कंपनीचं नाव होतं, नंतर एका रुग्णालय समूहाचं आलं. आमच्या स्टेडियमला शाहू महाराजांचं नाव आहे, ते भाड्याने दिलेलं नाही, हे मी नातवाला जरा तोऱ्यातच सांगितलं.

त्या वेळी बाराही संघांची स्पर्धा असे. आधीच्या फेऱ्या वरच्या मानांकनाच्या संघाच्या अंगणात आणि अंतिम सामना केरीत. त्या वर्षी समोरासमोर होते सिरॅक्यूज आणि क्लेमसन. एक पार उत्तरेकडचं, बर्फात गाडलं जाणारं गाव, दुसरं दक्षिणेतलं. पण दोघांचाही रंग नारिंगी! प्रेक्षकांत जिकडे बघावं तिकडे नारिंगी टोप्या आणि नारिंगी झेंडे. मला क्षणभर आपण जोतिबाच्या यात्रेत आलो की काय असं वाटलं. कोण कुणाच्या बाजूचं ते ओरडल्याशिवाय कळेना.

खेळाचे नियमही जरासे वेगळे. फलकावरचं घड्याळ पंचेचाळीसपासून उलटं, शून्याकडे पळत होतं. आपल्याकडे शेवटी जादा किती मिनिटं द्यायची ते रेफ्रीच्या मनात असतं. इथे शून्य झालं की भोंगा वाजला, संपलं. बदली म्हणून बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आतही येऊ शकत होता. शाळेतल्या मधल्या सुट्टीसारखं वाटलं.

सिरॅक्यूजने सामना २-० असा जिंकला. कॉन्फरन्सचं हे त्यांचं दुसरं विजेतेपद, पहिलं २०१५ चं. महिन्याभराने, १२ डिसेंबरला, याच मैदानावर त्यांनी इंडियानाला हरवून राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं. २-२ अशी बरोबरी आणि मग पेनल्टीवर ७-६. ते मात्र आम्ही घरात पांघरूण घेऊन टीव्हीवर बघितलं.

पण त्या रविवारी माझं लक्ष खेळापेक्षा खेळाडूंकडे जास्त होतं. दोन्ही संघांत जगभरची पोरं. सिरॅक्यूजच्या त्या वर्षीच्या संघात घानाचा नेथन ओपोकू होता, क्लेमसनमध्ये सेनेगलचा उस्मान सिल्ला होता. गोरी, काळी, सावळी पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभी. नातवाला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं, आणि वाटू नये हेच बरं. पण मी आदल्या दिवशी ग्रीन्सबरोबद्दल वाचलं होतं. पाठ्यपुस्तकात आपण 'वर्णभेद' असा एक शब्द घालतो, त्याखाली रेघ मारायला सांगतो आणि पुढच्या धड्याकडे जातो. मीही तेच केलं आहे. बरीच वर्षं.

पुढच्या आठवड्यात मी जावयाच्या मागे लागून ग्रीन्सबरोला गेलो. तिथे वुलवर्थ नावाच्या दुकानाची जुनी इमारत आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय कॉलेजकुमार तिथल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, तिसऱ्या दिवशी आणखी. बघता बघता ही बैठी चळवळ दक्षिणेतल्या शहराशहरांत पसरली. आज तिथे नागरी हक्कांचं संग्रहालय आहे आणि तो काउंटर जागच्या जागी ठेवलेला आहे. साध्या गोल खुर्च्या, आपल्याकडच्या जुन्या हॉटेलात असाव्यात तशा. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. महाडचं तळं आठवलं. पाणी काय आणि कॉफी काय!

आणि मग लक्षात आलं की जिथे १९५३ साली आपल्या या कॉन्फरन्सचा जन्म झाला ते सेजफील्ड इन इथून काही मैलांवर. कॉन्फरन्सचं कार्यालय पुढे सत्तर वर्षं याच शहरात. ज्या सात विद्यापीठांनी चूल मांडली, त्यांतल्या बहुतेकांचे पदवीचे वर्ग त्या वेळी कृष्णवर्णीय मुलांना बंद होते. मैदान तर दूरच, वर्गातच प्रवेश नव्हता.

वेक फॉरेस्टने १९६२ मध्ये दार उघडलं, ते एडवर्ड रेनॉल्ड्स या घानाच्या विद्यार्थ्यासाठी. विद्यापीठ बॅप्टिस्ट चर्चचं. त्यांचे मिशनरी आफ्रिकेत जाऊन धर्म शिकवत होते, पण तोच धर्म घेतलेला आफ्रिकी मुलगा आपल्या वर्गात चालत नव्हता. विद्यार्थ्यांनीच हा प्रश्न लावून धरला. हे रेनॉल्ड्स पुढे कॅलिफोर्नियात इतिहासाचे प्राध्यापक झाले, हे वाचून मला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

क्लेमसनमध्ये जानेवारी १९६३ मध्ये हार्वी गँट यांना प्रवेश मिळाला, तोही कोर्टात लढून. त्यांना वास्तुशास्त्र शिकायचं होतं. वीस वर्षांनी ते शार्लट शहराचे महापौर झाले. २०२३ मध्ये एसीसीचं कार्यालय ग्रीन्सबरोहून हललं ते याच शार्लटला. इतिहासाला कधीकधी असा विनोद सुचतो.

त्याच १९६३ मध्ये मेरीलँडच्या डॅरिल हिल यांनी एसीसीच्या लांबट चेंडूच्या फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून मैदानात पाऊल टाकलं. मेरीलँडचा संघ क्लेमसनला खेळायला गेला तेव्हा हिल यांची आई मुलाचा सामना बघायला आली होती. तिला दारातच अडवलं. क्लेमसनचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट एडवर्ड्स यांना हे कळल्यावर ते स्वतः गेले आणि तिला आपल्या जागेत नेऊन बसवलं. एक माणूस दारात अडवतो, दुसरा हाताला धरून आत नेतो. दोघंही त्याच संस्थेचे. या गोष्टीतला अडवणारा माणूस माझ्या डोक्यातून जाईना. तो काही राक्षस नसणार. त्याच्या हातात नियम होता आणि तो नियम पाळत होता.

चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, याच क्लेमसनमध्ये सॉकरचा अधिकृत संघ उभा राहिला. उभा करणारे होते आय. एम. इब्राहिम. जन्म हैफाचा, पॅलेस्टिनी माणूस. क्लेमसनला आले ते रसायनशास्त्र शिकायला. दक्षिणेतल्या त्या गावात तेव्हा आपल्या सॉकरला कुत्रं विचारत नव्हतं. आसपासच्या शाळांमधून तयार खेळाडू मिळणार कुठून? मग त्यांनी नजर लांब टाकली. जमैका, गयाना, नायजेरिया. जिथे दहा वर्षांपूर्वी स्थानिक काळ्या मुलाला कोर्टात जावं लागलं होतं, तिथे आफ्रिका आणि कॅरिबियनमधली मुलं नारिंगी सदरा घालून खेळू लागली, आणि गोरी माणसं त्यांच्या नावाने ओरडू लागली. १९७२ मध्ये क्लेमसनने पहिल्यांदा कॉन्फरन्स जिंकली आणि मग कित्येक वर्षं ती कुणाला दिली नाही. १९८४ मध्ये लागोपाठ दोन वर्षं जिंकलेल्या इंडियानाला २-१ ने हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. १९८७ चं मघाशी सांगितलंच. १९९४ पर्यंत ते प्रशिक्षक होते. २००८ मध्ये गेले.

यावर टीका कमी झाली नाही. 'बाहेरची पोरं आणून जिंकतात' हे वाक्य मला नवीन नव्हतं. आमच्या पेठांच्या संघांत परदेशी खेळाडू यायला लागले तेव्हा स्टेडियमच्या कट्ट्यावर हेच ऐकलं होतं. अमेरिकेत ही टीका नुसती तोंडी राहत नसे. वॉशिंग्टनचं हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ. १९७१ मध्ये लिंकन फिलिप्स या त्रिनिदादच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. नंतर खेळाडूंच्या पात्रतेचे मुद्दे काढून ते काढून घेतलं गेलं. त्यांनी तीन वर्षं वाट बघितली आणि १९७४ मध्ये एकही सामना न हरता ते परत आणलं. अंतिम सामना चार जादा डावांपर्यंत चालला होता म्हणे.

व्हर्जिनियाचा काळ नंतरचा. ब्रूस अरीना त्यांचे प्रशिक्षक. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं एसीसीची स्पर्धा त्यांनीच जिंकली. क्लॉडिओ रेना, जॉन हार्क्स, टोनी मेओला ही त्यांच्याकडून खेळलेली पोरं पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा कणा झाली आणि २००२ च्या विश्वचषकात अरीनांनीच अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. हे सगळं नातवाला तोंडपाठ होतं. मी नुसती मान डोलावली.

मला त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. "ही मुलं अभ्यास कधी करतात रे?"

"आबा, खेळतात म्हणून तर शिकतात," तो म्हणाला. मग त्याने मला शिष्यवृत्तीचं गणित सांगितलं. पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या सॉकर संघाला तेव्हा जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. संघात पोरं पंचवीस-तीस. मग ती ९.९ ची भाकरी सगळ्यांत तुकडे करून वाटायची. कुणाला अर्धी, कुणाला चतकोर, कुणाला काहीच नाही. (२०२५ मध्ये कोर्टातल्या एका मोठ्या तडजोडीनंतर हा हिशेब बदलला. आता शिष्यवृत्तीऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे.) म्हणजे तिथेही खेळ सगळ्यांचं पोट भरतो असं नाही. पण खेळामुळे वर्गाचं दार उघडतं, एवढं खरं.

हे ऐकलं आणि मी गप्प झालो. आता ते टोचणं सांगतो.

१९८६ सालची गोष्ट असेल. मी दहावीचा वर्गशिक्षक. वर्गात एक मुलगा होता, वडील मार्केट यार्डात गुळाच्या अड्ड्यावर हमाल. अभ्यासात बेताचा. पण पायात चेंडू आला की तो दुसराच कुणीतरी व्हायचा. डाव्या पायाने असा वळवून मारायचा की गोलकीपर बघत राहायचा. त्याची निवड शालेय विभागीय स्पर्धेसाठी झाली. सामने बाहेरगावी, चार दिवस. नेमके पूर्वपरीक्षेचे दिवस. फॉर्मवर वर्गशिक्षकाची सही लागत होती.

तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. आत यायचंसुद्धा धाडस नाही. म्हणाला, "सर, परत आल्यावर पेपर देतो."

मी म्हणालो, "खेळून पोट भरत नाही रे बाबा. आधी पास हो." आणि फॉर्म परत दिला. सही न करता.

त्याने पुन्हा मागितली नाही. घरच्यांनाही आणलं नाही. पूर्वपरीक्षेला बसला. बोर्डाला गणितात गेला. ऑक्टोबरला पुन्हा बसला की नाही ते मी विचारलंही नाही. माझ्या हातात नियम होता, आणि तो मी पाळला. हेडसरांनी तेव्हा माझं कौतुकच केलं होतं.

मी स्वतःला नेहमी सांगत आलो की त्याच्या भल्यासाठीच केलं. ते खोटंही नाही. त्या काळात आमच्याकडे खेळाने कुणाचं भलं होताना मी पाहिलंच नव्हतं. पण केरीच्या त्या थंड बाकावर बसून घानाच्या, सेनेगलच्या पोरांना पळताना बघितलं आणि वाटलं, यांच्याही गावात एखादा मास्तर असेल. त्याच्याही टेबलावर फॉर्म आला असेल. त्याने सही केली, म्हणून पोरगं इथे आहे. इब्राहिमही मुळात रसायनशास्त्राचेच. प्रयोगशाळेतून बाहेर येऊन त्यांनी अख्खा संघ उभा केला. मला तर नुसती एक सही करायची होती.

तुम्ही म्हणाल, एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय? विभागीय स्पर्धेला गेला असता तरी पुढे काय झालं असतं? बहुधा काहीच नाही. हे मलाही कळतं. पण त्याने चार दिवस खेळून बघितलं असतं. ते चार दिवस त्याचे होते, माझे नव्हते.

असो.

त्यानंतर कॉन्फरन्सचं बरंच काही बदललं. २०२४ मध्ये डॅलसचं एसएमयू आणि पार कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आणि बर्कली हेही एसीसीत आले. म्हणजे 'अटलांटिक किनाऱ्याच्या' संघात प्रशांत महासागर! यामागे टीव्हीचा आणि लांबट चेंडूचा पैसा. सॉकरची पोरं मात्र त्या हिशेबापायी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानाने फिरणार आणि विमानात बसून अभ्यास करणार. ज्या मेरीलँडने पहिल्या वर्षांत हा संघ गाजवला ते तर २०१४ लाच सोडून गेलं. नावं तीच राहतात, आतली माणसं बदलतात. ते एका परीने बरंही आहे. १९५३ मधली माणसं तशीच राहिली असती, तर ओपोकू त्या मैदानात दिसला नसता. २०२३ मध्ये कॉलेज सॉकरमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हर्मन ट्रॉफी क्लेमसनच्या त्या उस्मान सिल्लाला मिळाली. गँट यांच्या प्रवेशाला त्या वर्षी साठ वर्षं झाली होती.

कोल्हापूरला परतल्यावर मी त्या मुलाचा पत्ता काढला. मुलगा कसला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहे. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं. मला बघितल्यावर धावत आला आणि वाकून पाया पडला. मला फार अवघडल्यासारखं झालं. घरी नेलं, चहा केला, सून ओळखीची करून दिली. "हे आमचे सर, मला दहावीला होते."

मी तयारी करून गेलो होतो. जाताना रिक्षात वाक्यं जुळवली होती. तिथे त्यातलं एकही आठवेना. शेवटी एवढंच म्हणालो, "अरे, त्या वेळी मी तुझ्या फॉर्मवर सही करायला पाहिजे होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. कुठला फॉर्म, असं विचारेल असं मला वाटलं होतं. त्याने विचारलं नाही. म्हणजे त्यालाही आठवत होतं. सदतीस वर्षं.

मग कप खाली ठेवत म्हणाला, "जाऊ द्या सर. अमेरिकेत मॅच बघितली म्हणालात न्हवं? तिथलं गवत कसं हाय हो?"

मी त्याला गवताबद्दल सांगत बसलो. अगदी सविस्तर. ओल किती, कापलेलं किती, चेंडू कसा घरंगळतो. तो डोळे मिटून ऐकत होता आणि त्याचा डावा पाय खुर्चीखाली हळूच हलत होता.